पाहुण्याचा व्हिसा

॥ श्री ॥

दिंद्रुड,
९ जून २०२५

ती. आत्यास,
युवराजचा सा. न. वि. वि.

परवा फोनवर मी अर्धं वाक्य बोललो, तेवढ्यात तू म्हणालीस की असलं मोठं काम फोनवर सांगायचं न्हाई, लिहून धाड, आणि फोन ठेवून दिलास. पोस्टातून निवृत्त झालीस तरी तुझी तिकिटं खपवायची सवय काही गेली नाही. असो. तुझे भाऊ, म्हणजे आमचे दादा, गेल्यापासून आमच्यावर डोळे वटारणारं माणूस तूच एक उरलीस, म्हणून लिहायला बसलो.

बातमी अशी, की मला युगांडाहून बोलावणं आलंय. युगांडा म्हणजे आफ्रिकेत. तिथल्या एका साखर कारखान्यात अंबाजोगाईकडचे सुंदरराव साहेब चीफ केमिस्ट आहेत. ते आमच्या कारखान्यात होते तेव्हा मी त्यांच्याच हाताखाली पॅनमन झालो. तू दर वेळी विचारतेस की पॅनमन म्हणजे काय, तर पुन्हा सांगतो. उसाचा आटवलेला रस मोठ्या पॅनमध्ये शिजत असतो, त्यात साखरेचा दाणा धरायची एक वेळ येते. ती वेळ ओळखणारा माणूस म्हणजे पॅनमन. वेळ चुकली की साखरेच्या जागी भुकटी. मला ते काम येतं, आणि बढाई नाही, चांगलं येतं.

पण इथं त्याची किंमत काय? लग्नाआधी लागलो तेव्हा हंगामी होतो, आता पोरगी बालवाडीत जायला लागली तरी हंगामीच आहे. गाळप संपलं की घरी बसायचं. चेअरमन बदलले, संचालक बदलले, गेटवरचं कुत्रंसुद्धा बदललं, माझा शिक्का तेवढा बदलला नाही. मागचा पगारही अजून पुरता हातात आलेला नाही. डोकं फिरायची वेळ आलीय.

आता खरी अडचण ऐक. साहेबांनी दोन वाटा सांगितल्या. एक, व्हिजिटर व्हिसा. म्हणजे फिरायला आलोय असं दाखवून जायचं. तो ऑनलाइन लगेच मिळतो. नवीन पॅन जुलैत चालू होतंय, गेलं की कामाला लागायचं, परमिटचं नंतर बघू असं साहेब म्हणतात. दुसरी वाट वर्क परमिटची. कारखाना तिथल्या सरकारकडे अर्ज करणार, माझे आयटीआयचे कागद, पोलिसांचा दाखला, अनुभवाचा दाखला हे सगळं तपासून होणार, मग परमिट. त्याला किती महिने लागतील ते कोणीच छातीठोक सांगत नाही, आणि तोवर जागा राहीलच असंही नाही. त्यात अनुभवाचा दाखला मागायला ऑफिसात गेलो तर क्लार्क म्हणतो की कावून पाहिजे, कुठं चाललास बे? खरं सांगितलं तर येत्या सीझनची नोकरी जाणार, न सांगितलं तर दाखला मिळणार नाही. इकडे आड, तिकडे विहीर.

माझा विचार व्हिजिटरचा आहे. राजनंदिनी परमिटचं म्हणते, पण तिचं तू मनावर घेऊ नकोस. तिला प्रत्येक गोष्टीत घाबरायची सवय आहे. तू काय म्हणतेस ते कळव. रागावलीस तरी चालेल, पण माया आटू देऊ नकोस.

तुझा,
युवराज


॥ श्री ॥

परळी वैजनाथ,
१४ जून २०२५

चि. युवराज यास,
आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. खिडकीतल्या खुर्चीवरची वीजकेंद्राची राख पुसली आणि दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, की आपल्या पोराला समुद्रापलीकडून बोलावणं येतं. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा वाटलं की परळीहून उठावं, दिंद्रुडला यावं आणि तुझा कान धरावा.

अरे, पाहुणा म्हणजे कोण? पाणी पितो, चहा घेतो, पोराबाळांची विचारपूस करतो आणि येतो म्हणून उठतो. पाहुणा कधी यजमानाच्या गोठ्यात शिरून धार काढत नाही. आणि म्हैस लाथ मारून गेली तर यजमान काय म्हणेल? म्हणेल की आमी कुठं सांगितलतं, त्यो आपल्या मनानंच गेलता. उद्या त्या पॅनवर तुझा हात भाजला तर कारखाना असंच म्हणेल, की हा तर जंगल बघायला आलेला माणूस आहे, आमचा याचा काय संबंध. सुंदररावांना एवढं विचार, की मी फिरायला आलेला असलो तर माझा पगार कुठल्या रजिस्टरात चढणार. ते नीट उत्तर देत असतील तर मी माझं तोंड शिवून घेते.

सुंदरराव वाईट माणूस आहे असं मी म्हणत नाही. त्याला पॅन चालवायचंय, त्याची ती नड आहे. पण त्याची नड तू आपल्या अंगावर कावून घेतोस?

दाखल्याचं म्हणशील, तर क्लार्क असेच असतात. मीही सरकारी खुर्चीत बसलेली बाई आहे. त्यांच्याकडे एकदा जाऊन काम होत नाही, चार वेळा जावं लागतं, आणि चौथ्या वेळी ते कंटाळून देतात. तू पहिल्याच वेळी कंटाळलास.

आणि एक गोष्ट मला फार लागली. एवढ्या लांबलचक पत्रात राजनंदिनीचं म्हणणं तू एका ओळीत उरकलंस, वर मलाच सांगतोस की मनावर घेऊ नकोस. ती नेकनूरची पोर आहे, गाईच्या डोळ्यांची असली तरी गाय नाही. तिला स्वतःला लिहू दे. अमरसिंहाच्या कानावर मात्र यातलं काही घालू नकोस. तुझा चुलतभाऊ असला तरी पुढारी आहे तो. त्याला सांगितलं म्हणजे गावात दवंडी दिली.

छोट्या प्रियदर्शनीला माझा पापा. ती आता अक्षरं गिरवते का? तुझ्यावर जीव आहे म्हणून एवढं बोलते, तो जीव तसाच राहील.

तुझी आत्या,
विमल


॥ श्री ॥

दिंद्रुड,
१९ जून २०२५

ती. आत्याबाईंच्या चरणी,
राजनंदिनीचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र ह्यांनी वाचलं, माझ्यापुढे टाकलं आणि म्हणाले की घे, आत्यानं तुला कलेक्टर केलंय, काढ आता आदेश. मी हसले नाही. लग्नाला आठ वर्षं होतील, पण या घरात मोठ्या गोष्टीत माझं मत कोणी लेखी मागितलं, ते तुम्ही पहिल्याच. म्हणून आज सगळं लिहिते.

आत्याबाई, मी घाबरले म्हणून परमिट म्हणत नाही. ह्यांनी मला सांगितलं नाही ते मी सुंदरराव साहेबांच्या बायकोकडून काढून घेतलं. सुरेखाताई तिथंच राहतात. मी त्यांचा नंबर मिळवला आणि विचारलं. त्या म्हणाल्या की परमिटवर आलेल्या माणसाला कारखान्याच्या आवारात क्वार्टर मिळतं, बायकोपोरांचेही कागद होतात, पोरांची शाळा तिथंच आहे. व्हिजिटरवर आलेला माणूस एकटा, चार जणांच्या खोलीत, आणि मुदत संपत आली की जीव टांगणीला. काही जणांचं परमिट नंतर झालं, काहींचं झालंच नाही. सुरेखाताई असंही म्हणाल्या की त्या शाळेत लहान मुलांना शिकवायला बाई मिळत नाहीत, तू डी.एड. आहेस तर ये.

तुम्हाला ठाऊकच आहे, इथल्या शाळेत मी तासिकेवर शिकवते. तासिकेवर म्हणजे आज बोलावलं तर जायचं, उद्या नाही बोलावलं तर घरी. हे हंगामी आहेत म्हणून दिवसभर चिडतात, मीही हंगामीच आहे, हे ह्यांच्या लक्षातच येत नाही. मलाही जायचंय, आत्याबाई. हे वाक्य मी अजून या घरात मोठ्याने बोललेले नाही. बोलले तर ह्यांना वाटेल की मी आडवी येते, जागा माझ्यामुळे गेली. तो ठपका जन्मभर माझ्या डोक्यावर राहील, म्हणून गप्प आहे, आणि गप्प राहून मला आतल्या आत फार राग येतो.

आता गप्प राहून तरी काय उपयोग? तुमचं पत्र यायच्या आदल्याच दिवशी हे माजलगावला जाऊन ऑनलाइन व्हिजिटरचा फॉर्म भरून आले. येताना हॉटेलात चहाला थांबले, तिथं अमरसिंह भावजी भेटले. पुढचं काय सांगू? येत्या एकोणतीस तारखेला, रविवारी, मारुतीच्या पारावर सत्कार ठेवलाय. तीन जुलैचं विमान आहे. तुम्ही काही तरी करा. मी हे तुम्हाला लिहिलं ते ह्यांना कळू देऊ नका.

तुमच्या सावलीत ठेवा, एवढंच मागणं.

आपली,
राजनंदिनी


॥ श्री ॥

परळी वैजनाथ,
२३ जून २०२५

चि. युवराज यास,
आशीर्वाद. आज तेवढेच, अनेक उत्तम नाहीत.

सत्काराचं बोलावणं अमरसिंहाने फोनवर दिलं. मी येणार नाही. गुडघे दुखतात असं सांगितलंय, पण तुला खरं सांगते, गुडघे ठणठणीत आहेत, डोकं दुखतंय. उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग, अशातली तुझी गत झाली. अजून व्हिसा हातात पडला नाही आणि शाल-श्रीफळ आधी.

बाबा, तू फिरायला चाललास म्हणून सरकारला लिहून दिलंस ना? मग फिरायला जाणाऱ्या माणसाचा गाव सत्कार कधीपासून करायला लागला? विमानतळावर तुला कोणी विचारलं तर काय सांगशील? लहानपणी देशमुखांच्या आंब्याला दगड मारून आलास आणि मी नुसतं नाव घेतलं तर रडायला लागलास. तुला खोटं बोलता येत नाही, ही माझ्या भावाची पुण्याई आहे. ती तू मोडायला निघालास.

अजून वेळ आहे. सुंदररावांना फोन कर, सांग की परमिट काढा, तोवर मी थांबतो. जागा गेली तर गेली म्हण. आणि सांगायच्या आधी एकदा राजनंदिनीजवळ बस आणि तिला विचार की तुला काय वाटतं. माझ्यासाठी एवढं कर.

चिडलेली पण तुझीच,
आत्या


॥ श्री ॥

दिंद्रुड,
३० जून २०२५

ती. आत्यास,
युवराजचा सा. न. वि. वि.

तू आली नाहीस. पारावर पहिल्या रांगेत तुझ्यासाठी खुर्ची ठेवली होती, शेवटी तिच्यावर ग्रामसेवक बसला.

काल काय झालं ते सांगतो, म्हणजे मी मागे का फिरू शकत नाही ते तुला कळेल. स्टँडसमोर अमरदादाने दहा बाय पंधराचा फ्लेक्स लावलाय. त्यावर मी गॉगल घालून उभा आहे. तो गॉगल माझा नाही, फ्लेक्सवाल्याने घातला. मागे विमान, खाली सिंह, आणि का कोण जाणे, एक बर्फाचा डोंगर. मजकूर असा, की आमचे बंधू युवराज यांची युगांडा येथील साखर कारखान्यात पॅनमनपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. खाली शुभेच्छुक म्हणून पंचवीसेक माणसांचे फोटो, त्यातल्या निम्म्यांना मी ओळखत नाही. भाषणात अमरदादा म्हणाला की आपला गडी आता आफ्रिकेला साखर खाऊ घालणार. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला लाज वाटली, आणि आत्या, खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं. माझ्या कामाबद्दल या गावात कोणी टाळी वाजवली, हे पहिल्यांदाच.

आता या लोकांना काय सांगू? की आत्या नको म्हणते? बायको परमिट म्हणते? लोक तोंडात शेण घालतील. व्हिसा परवाच आला. मुंबईला जाऊन पिवळ्या तापाची लस तर आधीच टोचून आलोय.

राजनंदिनीला विचार म्हणालीस, विचारलं. म्हणाली, तुमाला वाटंल तसं करा. मग आणखी काय विचारायचं? हे वाक्य म्हणजे परवानगी की भांडण, हे आमच्या पिढीतल्या नवऱ्यांना कोणी शिकवलं नाही. तिच्या मनात असेल ते बोलत नाही आणि मी उठून बाहेर गेलो की मात्र आत डबे आपटते. मी गाडा ओढतोय तो कोणासाठी?

जातो. परमिट तिथं गेल्यावर करून घेईन. तू आली नाहीस त्याचा राग आहे, तरी जाताना तोंड परळीच्या दिशेने करून नमस्कार करणार आहे.

तुझा,
युवराज


॥ श्री ॥

चाकण,
८ जुलै २०२५

ती. आत्यास,
युवराजचा सा. न. वि. वि.

वर गावाचं नाव वाचून तुला जे कळायचं ते कळलंच असेल. मी युगांडात नाही. चाकणला रामेश्वरच्या खोलीवर आहे. आपल्या दिंद्रुडचाच तो, इथं कंपनीत असतो. त्याला शपथ घालून गप्प बसवलंय.

विमानतळावर पासपोर्ट बघणारा साहेब लातूरकडचा निघाला. मला बरं वाटलं, आपला माणूस म्हणून. त्याने विचारलं की कशासाठी चाललात. मी सांगितलं, फिरायला, जंगल बघायला, वाघ बघायला. तो म्हणाला की आफ्रिकेत वाघ नसतो. मी म्हणालो की मग जे असेल ते बघीन. तरीही तो शांत होता. हॉटेलचं बुकिंग दाखवा म्हणाला. ते मोबाईलवर होतं. मी व्हॉट्सॲप उघडलं, आणि सगळ्यात वर आमचा गावचा ग्रुप. त्याच मिनिटाला अमरदादाने पुन्हा फ्लेक्सचा फोटो टाकला होता आणि खाली सगळ्यांचे हार, फटाके, सुखरूप पोचा, पगार झाला की पार्टी द्या. साहेबाने ते शेवटपर्यंत वाचलं. मराठी येत होतं ना त्याला! मग म्हणाला की भाऊ, खोटं बोलून जायचं असतं तर निदान गावाला तरी विश्वासात घ्यायचं. बाजूला बसवलं, आणखी एकाने प्रश्न विचारले, आणि विमानात बसू दिलं नाही. त्याने दरडावलं नाही, उलट म्हणाला की कामाचे कागद करून या, मग तुमाला कोण आडवतंय. तेच जास्त लागलं.

मला कुणावर चिडावं तेच कळत नाही. अमरदादावर चिडावं तर त्याने कौतुकच केलं. सुंदरराव साहेबांना फोन केला तर ते माझ्यावरच खेकसले की असला कसला बावळट माणूस. तुझ्यावर चिडावं तर तू आधीच सांगितलं होतंस, त्यामुळे तुझ्यावर सगळ्यात जास्त चिडलोय.

आणि एक गोष्ट लिहायला हात उठत नाही. राजनंदिनीचा फोन आला की पोचलात का. माझ्या तोंडातून हो निघून गेलं. आता रोज फोनवर तिला युगांडाचं हवापाणी सांगतो. स्टँडसमोर तो फ्लेक्स उभा असताना मी गावात उतरू कसा? साहेबांचा राग निवळला की दुसरी काही वाट निघते का बघतो. तोवर राजनंदिनीला यातलं काही सांगू नकोस, तुला दादांची आण आहे.

तुझ्याशिवाय कोणाजवळ बोलू? तेवढी जागा ठेव.

तुझा,
युवराज


॥ श्री ॥

दिंद्रुड,
११ जुलै २०२५

ती. आत्याबाईंच्या चरणी,
राजनंदिनीचा शि. सा. न. वि. वि.

थोडंच लिहिते. हे युगांडात नाहीत. रोज फोन येतो तो ह्यांच्या जुन्याच नंबरवरून, आणि मागे पाण्याच्या टँकरवाल्याची मराठीतून आई-माई चाललेली असते. काल प्रियदर्शनीने विचारलं की बाबा, तिथं सिंह दिसला का, तर म्हणाले की आज सुट्टी हाय त्याला. पोरगी हसली. मी उठून परसात गेले.

सुरेखाताईंना विचारलं. त्या आधी इकडचं तिकडचं बोलल्या, मग म्हणाल्या की इथं कोणी आलेलं नाही. म्हणजे पहिल्या दिवसापासून मला संशय होता तेच खरं. कुठं आहेत ते मात्र कळत नाही. जेवतात का, पैसे आहेत का, काही कळत नाही. आणि मला राग येतोय तो हे तिकडे गेले नाहीत म्हणून नाही हो. माझ्यापासून लपावंसं वाटलं, याचा राग येतोय. गावातल्या बायका येऊन विचारतात की तुजा नवरा परदेशात, आता काय बाई तुजं. मी हो हो म्हणते. मीही खोटं बोलायला लागले.

ह्यांना विचारलं तर आणखी लांब पळतील, म्हणून मला कळलंय हे ह्यांना सांगू नका. फक्त तुम्हाला काही ठाऊक असेल तर मला कळवा. पदरात घ्या.

आपली,
राजनंदिनी


॥ श्री ॥

परळी वैजनाथ,
१५ जुलै २०२५

चि. युवराज व चि. सौ. राजनंदिनी यांस,
आत्याचे आशीर्वाद.

हे पत्र मी मध्ये कार्बन घालून लिहिलंय. एक प्रत चाकणला जाईल, एक दिंद्रुडला. ज्याने त्याने आपापली वाक्यं ओळखून घ्यावीत.

माझ्या टेबलावर दोन पत्रं आहेत. दोन्हींत लिहिलंय की दुसऱ्याला सांगू नका. दुसऱ्याचं टपाल मी जन्मात कधी फोडलं नाही. पण ही दोन्ही माझ्या नावाची आहेत आणि त्यांचं काय करायचं ते मी ठरवणार. दादाची आण घातलीस, तर तो तुझा बाप होण्याआधी माझा भाऊ होता. त्याचं मी बघून घेईन.

राजनंदिनी, तुझा नवरा चाकणला रामेश्वरच्या खोलीवर आहे. जेवतो आहे. विमानतळावरून परत पाठवला. गुन्हा काही केला नाही, फक्त बावळटपणा केला.

युवराज, तुझ्या बायकोला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. पाण्याच्या टँकरवाल्याला एकदा नमस्कार कर, तुझ्यापेक्षा तो खरं बोलतो. आणि तुला दुसरी गोष्ट सांगते, जी तिने तुला सांगायला हवी होती आणि तू तिच्याकडून काढून घ्यायला हवी होतीस. परमिट झालं तर क्वार्टर मिळतं, बायकोपोरगी बरोबर नेता येते, तिला तिथं शिकवायचं काम मिळतं. तिला जायचंय रे. तू कोणासाठी गाडा ओढतोस म्हणून मला विचारलंस ना, ती कधीची गाड्याशेजारी उभी आहे. आणि राजनंदिनी, तुमाला वाटंल तसं करा असं म्हणून तू काय मिळवलंस? त्याला मनातलं ओळखता येत नाही. त्याला फक्त साखरेचं ओळखता येतं.

तुम्ही दोघं एका घरात पाहुण्यासारखे राहिलात. गोड बोलायचं, अडचण दाखवायची नाही. मला तुम्हा दोघांचा संताप आलाय, आणि तुम्हा दोघांशिवाय मला जवळचं कोणी नाही, म्हणून जास्तच आलाय.

अमरसिंहाशी मी बोलले, आणि हो, फोनवर बोलले, कारण त्याला वाचायचा कंटाळा आहे. फ्लेक्स उतरला. युवराज, दिवसा ये. लोक दोन दिवस हसतील, त्यांना हसू दे.

मी आहे तोवर माझं दार दोघांनाही उघडं आहे, पण एकत्र आलात तरच.

तुमची आत्या,
विमल


॥ श्री ॥

दिंद्रुड,
७ सप्टेंबर २०२५

ती. आत्याबाईंच्या चरणी,
राजनंदिनीचा शि. सा. न. वि. वि.

इतके दिवस लिहिलं नाही, रागावू नका. लिहिण्यासारखं धड काही घडतच नव्हतं, नुसत्या खेपा चालल्या होत्या.

हे भरदुपारी एसटीने आले ते तुम्हाला कळलंच. गावातली पोरं ह्यांना आता युगांडा म्हणूनच हाक मारतात, आणि हे ओ देतात. त्यानंतर दोन दिवस आम्ही भांडलो. लग्नानंतर पहिल्यांदा मी आवाज चढवला. जागा गेली तर माझ्यामुळे गेली म्हणाल, ही भीती बोलून दाखवली. हे म्हणाले की म्हंजे मी तसा हाय असं तुला वाटतं. मी हो म्हटलं. त्या रात्री हे जेवले नाहीत.

मग परमिटच्या मागे लागलो. साहेबांना सुरेखाताईंनी शांत केलं, अर्ज आत गेला. अनुभवाच्या दाखल्यासाठी मीच कारखान्याच्या ऑफिसात गेले. तुम्ही म्हणालात तसं चौथ्या खेपेला दिला, पण त्यावर पॅनमनच्या जागी वॉचमन लिहिलं होतं, म्हणून पाचवी खेप झाली. आयटीआयच्या कागदावर ह्यांचं आडनाव एक आणि आधारवर दुसरं, त्याचं प्रतिज्ञापत्र झालं. माझा आणि प्रियदर्शनीचा पासपोर्ट टाकला. प्रत्येक खिडकीवर कोणी तरी म्हणतं की उद्या या. मला आता उद्या हा शब्द ऐकला की दगड मारावासा वाटतो.

आणि परवा साहेबांचा फोन आला. तिकडचा पॅनमन काम सोडून गेला, पॅन बंद पडायची पाळी आलीय. साहेब म्हणाले की परमिटला अजून वेळ हाय, तू पुन्हा व्हिजिटरवर निघ, यावेळी दुसऱ्या विमानतळावरून ये, पगार वाढवून देतो, नाहीतर कोल्हापूरकडचा एक जण बॅग भरून बसलाय. हे ओसरीत फोन स्पीकरवर ठेवून उभे होते, मी आत भाकरी थापत होते. माझा हात थांबला. मी ठरवलं होतं की आता बोलायचं, पण मला बोलायची वेळच आली नाही. हे म्हणाले की साहेब, येतो, पण आमी तिघं येणार. पलीकडून साहेब इतके ओरडले की शब्दच कळेना. हे पुन्हा म्हणाले, तिघं. मग फोन बंद झाला.

जागा गेली, आत्याबाई. अर्ज तसाच राहील, पुढं जागा निघाली तर बघू, असं साहेबांनी मग सुरेखाताईंकरवी कळवलं. कदाचित पुढच्या वर्षी, कदाचित कधीच नाही. हे ऑक्टोबरात पुन्हा इथल्याच कारखान्यात हंगामी म्हणून जाणार. त्या दिवशी फोन ठेवून हे आत आले आणि चुलीपुढे बसले. मी रडले. जागा गेली म्हणून रडले की हे तिघं म्हणाले म्हणून, ते मला स्वतःलाच सांगता येईना. भाकरी करपली. ह्यांनी तीच खाल्ली.

काल पासपोर्टच्या चौकशीला पोलीस आले होते. ओसरीत बसले, चहा घेतला आणि ह्यांना विचारलं की बाईला पासपोर्ट कावून पाहिजे, कुठं चाललात? एरवी हेच उत्तर देतात. काल ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पदर खोचला आणि सांगितलं की आफ्रिकेला जायचंय, ह्यांना साखरेच्या कारखान्यात काम करायचंय आणि मला शाळेत, राहायलाच चाललोय. ते म्हणाले की कधी? मी म्हटलं, परमिट आल्यावर. ते म्हणाले की अन् न्हाई आलं तर? हे म्हणाले, तरी पासपोर्ट होऊ द्या.

प्रियदर्शनी तुम्हाला पापा देते. आम्ही दोघंही नमस्कार करतो. तुमचा जीव आमच्यावर असाच राहो, आणि राग आला तर तोही दोघांवर सारखाच येऊ द्या.

आपली,
राजनंदिनी